अँटिबॉडी आणि दुधाच्या पावडरीचा डबा

सगळ्यात आधी एक सांगते, मी डॉक्टर नाहीये. सोसायटीत हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं, पण एकदा लिफ्टमध्ये "कॅन्सरवर काम करते" असं बोलून गेले आणि तेव्हापासून लोकं रिपोर्ट घेऊन येतात. दुसऱ्या मजल्यावरची ताई तर सीए-125, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो आकडा, 58 आला म्हणून रात्री साडेदहाला दारात उभी, डोळ्यांत पाणी. 35 च्या आत हवा असतो ना, तिनं ते आधीच मोबाईलवर बघून ठेवलेलं. मी एवढंच म्हणाले की अगं हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, पाळीच्या दिवसांतपण वाढू शकतो, तू उद्या डॉक्टरांना दाखव, मला नको. एंडोमेट्रिओसिसच निघालं तिचं.

तर मी करते काय, म्हणजे करत होते काय, कारण प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला. पाषाणच्या बाजूला एका छोट्या लॅबमध्ये साडेतीन वर्षं एकच काम, ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशीला चिकटेल आणि शक्यतो दुसऱ्या कशालाच चिकटणार नाही अशी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच धरणारं प्रोटीन, बनवायची. पेपर येईल तेव्हा येईल, त्यात सगळं कसं सरळ रेषेत घडलं असं लिहिलेलं असेल. तसं घडलेलं नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतेय.

ओव्हरीच्या कॅन्सरचा मुख्य त्रास काय तर तो गपचूप वाढतो. पोट फुगणं, भूक नसणं, गॅसेस, आपल्याकडे यावर ओवा आणि सोडा असतोच घरात, आणि कळेपर्यंत बहुतेक जणींचा तिसरा-चौथा टप्पा आलेला असतो. ऑपरेशन आणि प्लॅटिनमवाली केमो यांनी सुरुवातीला चांगला फरक पडतो पण बऱ्याच जणींना तो परत येतो आणि एक वेळ अशी येते की प्लॅटिनमला दादच देत नाही. मग तिथे काय द्यायचं हा प्रश्न.

या पेशींच्या अंगावर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं एक प्रोटीन भरपूर असतं. फोलेट म्हणजे तेच ते, गरोदरपणात ज्याच्या गोळ्या देतात. निरोगी शरीरातपण हे प्रोटीन आहे, किडनीत आहे, फुप्फुसात आहे, पण तिथे ते पेशीच्या अशा बाजूला असतं जिकडे रक्तातली अँटिबॉडी सहसा पोचत नाही. म्हणून हा पत्ता चांगला. या पत्त्यावर आधी फार्लेटुझुमॅब नावाची नुसती अँटिबॉडी पाठवून बघितली होती लोकांनी, ती मोठ्या ट्रायलमध्ये 2013 मध्ये पडली. मग नुसतं पत्र न पाठवता पत्रात विष घालून पाठवायचं ठरलं, मिरव्हेटुक्सिमॅब. अँटिबॉडीला पेशीचा सांगाडा मोडणारं औषध जोडलेलं, रिसेप्टरला चिकटायचं, आत जायचं आणि तिथे सुटायचं. 453 बायकांच्या ट्रायलमध्ये साध्या केमोवाल्या गटाचं मधलं आयुर्मान, म्हणजे निम्म्या बायका निदान जेवढं जगल्या तो आकडा, 12.75 महिने आणि याचं 16.46 महिने. पावणेचार महिने. ऐकायला कमी वाटतं, मलाही वाटलेलं, पण प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या आजारात आयुष्य वाढवून दाखवणं फार दुर्मिळ आहे. अमेरिकेत त्याला 2024 मध्ये पक्की मान्यता मिळाली. डोळ्यांना त्रास देतं ते, अंधुक दिसतं, त्यामुळे डोळे तपासून घेत घेत आणि थेंब टाकत टाकत द्यावं लागतं.

आमचं ध्येय याच्या शंभर पायऱ्या खालचं होतं. त्याच रिसेप्टरला पण वेगळ्या जागी चिकटणारी अँटिबॉडी शोधायची, आणि तिच्यात बदल करून तिला कामाची बनवायची. बस.

हे शोधायला फाज डिस्प्ले वापरतात. फाज म्हणजे बॅक्टेरियाला लागण करणारा व्हायरस, आमचा एम13, आणि प्रत्येक फाजच्या टोकाला अँटिबॉडीचा एकेक वेगळा तुकडा लावलेला. असे अब्जावधी वेगवेगळे तुकडे एका छोट्या ट्यूबमध्ये. या युक्तीला 2018 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय, जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना. अडालिमुमॅब नावाचं सांधेदुखीवरचं प्रसिद्ध औषध याच रस्त्याने आलं. आपण काय करायचं, रिसेप्टर प्लास्टिकच्या ट्यूबला चिकटवायचा, रिकाम्या राहिलेल्या जागा दुधाने बुजवायच्या, हो दुधाने, साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवून, मग फाज ओतायचे, तास-दोन तास थांबायचं, धुवायचं, धुवायचं, परत धुवायचं, आणि जे चिकटून राहिले त्यांना सोडवून बॅक्टेरियात वाढवायचं. परत तेच. तीन-चार फेऱ्या. याला पॅनिंग म्हणतात. आईला हे एकदा भाजी निवडता निवडता समजावून सांगत होते तर ती म्हणाली म्हणजे पाखडणं की. त्यानंतर आमच्या घरात पॅनिंगला पाखडणंच म्हणतात, "आज पाखडणं आहे का, उशीर होणार का?"

पहिल्या वेळेस सगळी प्लेट पिवळी. एलायझा ही चाचणी अशी करतात की 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेक क्लोन, म्हणजे एकाच फाजच्या प्रती, घालायचा, चिकटला असेल तर निळा रंग येतो, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की पिवळा, आणि तो मशिनमध्ये मोजायचा. मी आनंदाने प्लेट घेऊन सरांकडे गेले तर ते म्हणाले कंट्रोल कुठेय. कंट्रोल म्हणजे ज्यात रिसेप्टरच नाही असे खळगे. तेपण पिवळे. म्हणजे मी तीन आठवडे लावून प्लास्टिकला चिकटणारे फाज निवडले होते. याला हसतात सगळे लॅबमध्ये, प्रत्येकाचं एकदा होतंच.

दुसऱ्या वेळेस धुणं वाढवलं, ट्यूबचा प्रकार बदलला, दुधाचं प्रमाण 2 टक्क्यांवरून 4 केलं. प्लास्टिकवाले गेले पण त्यांच्यासोबत सगळंच गेलं. उरलं काय तर चार मरतुकडे क्लोन, कंट्रोल 0.1 दाखवतोय आणि हे 0.4. सर म्हणाले हे ठेव बाजूला, परत कर. मी ते उणे 80 च्या फ्रीजरमध्ये टाकले आणि परत केलं. आणि परत. एकूण आठ महिने गेले असतील यात. मधे एका गुरुवारी लाइट गेली आणि जनरेटर चालूच झाला नाही आणि शेकरवरचं रात्रभरचं कल्चर बसलं, ते वेगळंच. पुण्यात राहणाऱ्याने गुरुवारी महत्त्वाचा प्रयोग ठेवूच नये हे मी तेव्हा शिकले.

याच काळात अजून एक घोळ. पेशींवर तपासावं म्हणून ओव्हीकार-3 या पेशी वाढवत होतो, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या साठ्यातून आणलेल्या. 1982 साली 60 वर्षांच्या एका बाईच्या पोटात साठलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी, तिचं नाव कुणाला माहीत नाही आणि तिच्या पेशी पाषाणला आमच्या इन्क्युबेटरमध्ये मजेत वाढतायत, मला अजून याचं काहीतरी होतं आत. तर त्यांच्यावर रिसेप्टर फारच कमी दिसत होता. कारण साधं होतं, आरपीएमआय या नेहमीच्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, लिटरला 1 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच, असतं, आपल्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. पेशीला आयतं जेवण मिळालं तर ती ताट कशाला पुढे करेल. फॉलिक ॲसिड नसलेला मीडिया मागवला, तो यायला सात आठवडे लागले, मग दिसला रिसेप्टर नीट.

आता दुधाची गोष्ट. एका शनिवारी लॅबमध्ये मी एकटी आणि दुधाची पावडर संपली. डब्याच्या तळाशी खडे झालेले तेवढे होते. दुकानातून आणता आली असती पण पाऊस होता आणि कंटाळा होता, म्हणून रिकाम्या जागा बुजवायला महागडी बीएसए पावडर वापरली, गाईच्या रक्तातलं प्रोटीन असतं ते, सर नव्हते म्हणून. आणि नुसतं बघायचं म्हणून पहिल्या फेरीतले, टाकून दिलेले काही क्लोनपण त्याच प्लेटमध्ये लावले. 27 नंबरचा खळगा इतका गडद पिवळा झाला की मला वाटलं चुकून दोनदा घातलं काहीतरी. 1.8. कंट्रोल 0.1. परत केलं, परत 1.8. सोमवारी नवीन पावडर आणून दुधात केलं तर 0.2.

मग मी तो प्रयोग केला जो मला आजपर्यंतचा सगळ्यात आवडता आहे. बीएसएमध्येच सगळं करायचं पण एकेका खळग्यात दूध वाढवत न्यायचं, आधी अगदी नावाला, मग त्याच्या दुप्पट, मग त्याच्या दुप्पट असं बारा खळग्यांपर्यंत. डावीकडे गडद पिवळा, उजवीकडे पाणी, आणि मधे हळूहळू उतरत जाणारा रंग, हळदीचा हात धुताना बेसिनमधलं पाणी कसं फिकट होत जातं ना तसं. प्लेटचा फोटो काढून सरांना पाठवला. सरांचं उत्तर आलं, "दुधात काय आहे?"

दुधात काय आहे ते शोधायला पंधरा मिनिटं लागली आणि त्याचीच लाज वाटली. गाईच्या दुधात फोलेट धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं, दुधातलं फोलेट त्यालाच चिकटलेलं असतं, आणि बनावटीत ते आपल्या या रिसेप्टरचं अगदी जवळचं नातेवाईक आहे. कित्येक वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट. म्हणजे आम्ही ज्याला शोधत होतो त्याच्या चुलतभावाचं आख्खं भांडं आम्ही स्वतःच ट्यूबमध्ये ओतत होतो, चांगले फाज दुधातच अडकत होते आणि मी आठ महिने त्यांना धुऊन सिंकमध्ये सोडत होते. घरी आल्यावर आईला म्हणाले दुधाने घात केला. ती म्हणाली दुधाने नाही, न वाचण्याने केला. बरोबर होतं ते, पण तेव्हा चिडले मी.

पुढचे दीड महिने 27 नंबर म्हणजे आमचा लाडोबा. सिक्वेन्स केला, वेगळं प्रोटीन बनवून बघितलं, हिरवा रंग जोडून पेशींवर लावला, ओव्हीकारच्या कडा हिरव्यागार चमकल्या. मिटिंगमध्ये मी तो फोटो दाखवला, टाळ्या वगैरे. आणि मागे बसलेल्या एका सीनियर मॅडमनी विचारलं, बीटावर बघितलंस का?

फोलेट रिसेप्टर बीटा. अल्फाची सख्खी बहीण, ती आपल्याच शरीरात, मॅक्रोफेजवर असते, म्हणजे आपल्या बचावाच्या पेशींवर. नव्हतं बघितलं. बघितलं तर 27 नंबर तिलाही तेवढ्याच प्रेमाने चिकटत होता. गाईच्या प्रोटीनला आणि माणसाच्या प्रोटीनला जो भाग सारखा आहे त्याला जो धरणार तो बहिणीला कशाला सोडेल. विष जोडून हा सोडला असता तर कॅन्सरसोबत मॅक्रोफेजलाही दिलं असतं त्यानं. त्या रात्री मी जेवले नाही वगैरे काही नाही, मस्त मिसळ खाल्ली दोन पाव जास्त घेऊन, पण बसमध्ये विद्यापीठ चौकात अडकलेली असताना डोक्यात एक गोष्ट आली आणि मी तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं सर, ते चार मरतुकडे.

ते चार दुधातून पार पडलेले होते. आठ महिने दूध जे करत होतं ते नुकसान नव्हतंच, ते सगळ्या नातेवाइकांना चिकटणाऱ्यांना बाहेर काढत होतं. पाखडणंच, फक्त आम्हाला माहीत नव्हतं की सूप कुणाच्या हातात आहे. फ्रीजरमधून काढले, बर्फ खरवडून खरवडून नंबर वाचावे लागले. बीटावर लावले. चारातल्या तिघांनी बीटाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मग खऱ्या अर्थाने इंजिनिअरिंग सुरू झालं. अँटिबॉडीच्या टोकाला सहा लूप असतात ज्यांनी ती पकडते, त्यातला जड साखळीचा तिसरा लूप सगळ्यात महत्त्वाचा. तिथली एकेक अक्षरं, म्हणजे अमिनो ॲसिडं, बदलून नवीन छोटी लायब्ररी, म्हणजे तुकड्यांचा संग्रह, बनवायची, परत पाखडायचं, या वेळेस मुद्दाम दुधात आणि बीटा सोबत सोडून, आणि दरवेळी रिसेप्टर कमी कमी ठेवायचा म्हणजे घट्ट पकडणारेच टिकतात. तीन फेऱ्यांत त्यातला एक मरतुकडा पैलवान झाला. मग त्याची पूर्ण अँटिबॉडी बनवायची, वाय आकाराची, दीड लाख डाल्टन वजनाची, ती माणसाच्या एचईके पेशींत बनवतात. पहिल्या बॅचला प्रोटीन ए कॉलमवरून, म्हणजे अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या गाळणीवरून, आंबट बफरने सोडवलं तर ट्यूबमध्ये दूध फाटल्यासारखे पांढरे पुंजके. परत दूध! एकमेकींना चिकटून गोळे होत होत्या अँटिबॉडी. बाहेरच्या बाजूला पाण्याला घाबरणारं एक अमिनो ॲसिड होतं, ते बदललं, पुढची बॅच स्वच्छ. हे एका वाक्यात लिहिलं पण पाच महिने गेलेत यात आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं खरंच काही नाही.

शेवटचं सांगते, त्या पोटातल्या पाण्याचं. एका हॉस्पिटलकडून, एथिक्स कमिटीची परवानगी आणि बाईंची सही घेऊन, आम्हाला काढून टाकलेलं पाणी मिळायचं. ॲसायटीस. गवती पिवळं, कधी लालसर, अर्ध्या लिटरच्या बाटलीत, आणि लेबलवर नाव नसतं फक्त कोड. आईसबॉक्स मांडीवर घेऊन मी रिक्षात, रिक्षावाल्या काकांनी विचारलं आइस्क्रीम आहे का मॅडम. हो म्हणाले. काय सांगणार.

त्या पाण्यात तुटून सुटलेला रिसेप्टरही तरंगत असतो, तो आमची अँटिबॉडी वाटेतच पकडतो. सिग्नल अर्ध्याहून खाली आला पहिल्यांदा. डोस वाढवला की सावरत होता. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सुट्या नसतात, मोतीचूरसारखे गोळे करून असतात. गोळ्यांना आमची पैलवान अँटिबॉडी हिरवा रंग लावून दिली, चार तासांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर प्रत्येक गोळ्याभोवती सुंदर हिरवी कड आणि आत मिट्ट काळोख. इतकं घट्ट पकडत होती की पहिल्या ओळीतच अडकून बसली, आतल्या पेशींपर्यंत कुणी गेलंच नाही. याला नाव आहे, बाइंडिंग साइट बॅरियर, हेही आधीपासून माहीत असलेलं, पण या वेळेस निदान आम्ही वाचलेलं होतं, फक्त आपल्या बाबतीत असं होणार नाही असं वाटत होतं.

मग दुसऱ्या फेरीतली, मधल्या ताकदीची बहीण काढली फ्रीजरमधून. तिनं कडेला थोडं कमी चमकवलं आणि आत दोन-तीन थर जास्त गेली. अगदी गाभ्यापर्यंत नाही, खोटं कशाला बोलू, पण गेली. सर खुर्ची ओढून मायक्रोस्कोपवर बसले ते वीस मिनिटं उठेनात, मला वाटलं झोपले. तीच आता पुढे उंदरांवरच्या प्रयोगाला जाणार आहे, दुसऱ्या लॅबमध्ये, विष जोडणं तिथे होईल. त्यात ती पडूही शकते, बहुतेक पडतात.

मी वही, फ्रीजरची यादी आणि किल्ल्या सुपूर्द केल्या. नवीन आलेली मुलगी, साताऱ्याची, हुशार आहे, तिनं शेल्फवरचा दुधाच्या पावडरीचा डबा उचलून विचारलं, "ताई, हिची एक्स्पायरी गेलीय, टाकून देऊ?" म्हटलं टाक, पण आजच नवीन आण, आणि 27 नंबरची फाइल वाचल्याशिवाय उघडू नकोस.